एकसष्ट धोके

नागपूरच्या डॉक्टरांनी सुंदराबाईचा आवाज काढून घेतला, त्याआधीचा महिनाभर ती घरातल्या कॉम्प्युटरसमोर बसून गात होती. घशात कॅन्सर होता. जीव वाचवायचा तर आवाज जाणार, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. मग थोरली मुलगी दीपमाला अकोल्याहून अमरावतीला आली, माइक लावला, आणि आईनं स्वतः रचलेली, वस्तीतल्या बायकांत बसून म्हटलेली बाबासाहेबांची गाणी एकेक करून भरून घेतली. एकूण एकसष्ट झाली. शेवटच्या दोन गाण्यांत आवाज फाटलेला होता, पण सुंदराबाईला तीच जास्त आवडायची. ऑपरेशननंतर दुपारची भांडी आटोपली की ती रोज एक गाणं लावायची, आणि नवरा घरात नसला की ओठ हलवून साथही करायची.

अशात एक दिवस पडद्यावर लाल पट्टी आली: तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. पंजाबरावांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या, तोंडचं पाणी पळालं. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उभा जन्म काढलेला माणूस, ओरडून अख्खं स्टँड हलवायचा, पण या पट्टीपुढे त्याचं काही चालेना. राजापेठेतल्या साजिदच्या दुकानातून कॉम्प्युटर घेतला होता, तिथेच ते बायकोला घेऊन गेले. साजिदनं सांगितलं, ही पट्टी खोटी आहे, तिला हात लावू नका. कॉम्प्युटरसोबत आलेलं संरक्षण पुरेसं आहे. वेगळं घ्यायचंच असेल तर एकच घ्या, दोन घातली की ती एकमेकांवरच संशय घेतात. आणि सगळ्यात आधी मावशीच्या गाण्यांची एक कॉपी पेनड्राइव्हवर काढून कपाटात ठेवा. पेनड्राइव्ह त्यानं काउंटरवर काढूनसुद्धा ठेवला. पंजाबराव म्हणाले, राहू दे, आमचे जावई पाहतील.

इथंच सगळं नासलं. पंजाबरावांना दोन मुली, म्हणून दोन जावई, आणि जावयाचा मान राखायचं त्यांना व्यसन होतं. मुली माहेरी आल्या तर स्वतःचं पाणी स्वतः घ्यायच्या. जावयानं नुसती मान वळवली तरी सासरा तांब्या घेऊन उभा.

धाकटा जावई प्रीतम, धामणगाव रेल्वे या गावी त्याचं मोबाइलचं दुकान. त्यानं हिरव्या ढालीचं चिन्ह असलेलं सॉफ्टवेअर वर्षभरासाठी भेट म्हणून टाकून दिलं. त्यात एक तिजोरी होती. सासूची गाणी त्यानं त्या तिजोरीत घातली, आता ती नावं बदलून आत बंद झाली, ढाल उघडल्याशिवाय कोणालाच दिसणार नव्हती. ऑपरेशनपासून सुंदराबाई एक छोटी पाटी जवळ ठेवायची. तिच्यावर तिनं पेनड्राइव्हचं लिहून दाखवलं तेव्हा प्रीतम हसला. तिजोरी असताना कपाट कशाला, म्हणाला.

पंधरा दिवसांनी अकोल्याहून थोरला जावई भगवंत आला. त्याच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर त्याच्याच भरवशावर चालतात, असं तो स्वतः सांगायचा. हिरवी ढाल पाहून त्याचं तोंड उतरलं. धाकट्याचं घेतलं, आपल्याला विचारलंसुद्धा नाही, हे त्यानं जेवताना तीनदा बोलून दाखवलं आणि मटण दुसऱ्यांदा वाढायला आलं तेव्हा ताटावर हात आडवा धरला. पंजाबरावांचा जीव खालीवर झाला. त्यांनी तिथल्या तिथे त्याच्या हातानं निळ्या कुलपाचं दुसरं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. पहिलं काढायचं नाही, कारण मग प्रीतमला वाईट वाटेल. सुंदराबाईनं पाटीवर साजिदचं नाव लिहिलं, तर म्हणाले, "त्याले काय समजते? त्याच्या घरी जवाई नाई अजून."

कॉम्प्युटर रडतखडत चालू लागला. एक गाणं लागायला दहा मिनिटं लागायची. सुंदराबाई दहा मिनिटं बसायची.

बुद्धपौर्णिमेला दोन्ही लेकी-जावई जेवायला आले. चुलीवर खीर शिजत होती आणि बाहेरच्या खोलीत जावयांची जुंपली, कोणाचं सॉफ्टवेअर सरस. पंजाबरावांना कोणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून त्यांनी तोडगा काढला: दोन्हींकडून कॉम्प्युटर तपासा, ज्याला जास्त धोके सापडतील ते चांगलं. केवढी अक्कल! प्रीतमच्या ढालीला काहीच सापडलं नाही. भगवंतचं कुलूप अर्धा तास फिरत राहिलं आणि थांबलं. एकाच जागी दडवलेल्या, बंद केलेल्या, विचित्र नावांच्या फायली त्याला सापडल्या होत्या. धोके: एकसष्ट.

"पाहा मामाजी," भगवंत खुर्चीत मागे रेलला. "एकसष्ट. आन याच्या ढालीले एक दिसला नाई."

सुंदराबाई खिरीच्या वाट्या घेऊन दारात उभी होती. कॉम्प्युटरमधलं तिला फारसं कळत नव्हतं, पण हा आकडा कळत होता. पाटी ओट्यावर राहिली होती. तिनं प्रीतमकडे पाहिलं. त्यालाही कळलं होतं, तिजोरी त्यानंच तर भरली होती. पण धोके काढून टाकायला माउसवर टेकलेल्या भगवंतच्या बोटाकडे तो पाहत होता आणि ओठ दाबून हसू आवरत होता. थोरल्याची अशी फजिती पुन्हा कधी पाहायला मिळणार होती? त्यासाठी सासूचा आवाज गेला तरी त्याला चालणार होतं.

तेव्हा सुंदराबाईनं जन्मात केलं नव्हतं ते केलं. वाट्या खाली टाकल्या, पुढं झाली आणि थोरल्या जावयाचं मनगट धरलं. तोंड उघडलं, पण ऑपरेशननं गळ्याला ठेवलेल्या भोकातून नुसती हवा आली.

पंजाबरावांनी तिचा हात हिसडून काढला. "जवाईबापूचा हात धरते? लाज आहे का काई तुले?" मग भगवंतकडे वळून मऊ आवाजात म्हणाले, "दाबा जी तुमी."

भगवंतनं दाबलं. कायमचं काढून टाकायचं का, असं कॉम्प्युटरनं एकदा विचारलं. त्यानं पुन्हा दाबलं.

"मामाजी," आता प्रीतम सावकाश बोलला, "ते तं मामीचे गाणे होते. माह्या तिजोरीतले."

भगवंतचा चेहरा पडला. आतून दीपमाला धावत आली, नवऱ्याला काहीबाही बोलू लागली, तसा तो उठून चपला शोधायला लागला. पौर्णिमेच्या दिवशी जावई उपाशी घराबाहेर जातो म्हटल्यावर पंजाबराव घाबरले. त्यांनी मुलीला गप्प केलं, जावयाचा खांदा धरला आणि मोठ्यानं हसले.

"बसा जी. बायाइचे गाणे ते, त्याच्यात काय होतं? मी तं कवाचा म्हणून राहिलो काढून टाका, मशीन जड झाली होती."

हे ते बायकोसमोर बोलले, तिच्या पायाशी सांडलेली खीर असताना. असल्या माणसाचं थोबाड फोडावं, पण ते काम करायला त्या घरात कोणी नव्हतं. सुंदराबाईनं फरशी पुसली आणि दोन्ही जावयांना जेवायला वाढलं. भगवंतनं खीर दोनदा घेतली, तेव्हा कुठे पंजाबरावांच्या जिवात जीव आला.

साजिदनं मशीन दोन दिवस दुकानात ठेवून पाहिलं. एकही गाणं परत निघालं नाही. परत आणून दिलं तेव्हा तो दारातूनच वळला, मावशीच्या नजरेला नजर द्यायची त्याची हिंमत झाली नाही.

त्या दुपारी भांडी आटोपून सुंदराबाई सवयीनं कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली. पडदा काळाच होता. पंजाबरावांना कुठंतरी लागलं असावं, ते तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

"तुले तं सारे गाणे पाठ आहेत ना?" त्यांनी विचारलं.

सुंदराबाईनं मान हलवली. एकसष्टच्या एकसष्ट पाठ होती.

"मंग झालं तं," पंजाबराव म्हणाले. "आपलं गेलं काय?"