वीतभर पाणी

वसंत लागला की आमच्या घरावरून पाखरांची रीघ सुरू होते. दक्षिणेला हिवाळा काढलेली बदकं आणि हंस उत्तरेला अंडी घालायला निघतात, आणि आमचं तळं बरोबर त्यांच्या वाटेवर येतं. त्यातलं सगळ्यात लहान बदक माझ्या ओंजळीत मावेल. तेवढ्याशा जिवानं समुद्र ओलांडलेला असतो. मला बाजारातून घरी येताना दोनदा पिशवी खाली ठेवावी लागते. इतकी वर्षं बघतेय, पण आभाळात पहिला थवा दिसला की आजही माझ्या अंगावर काटा येतो आणि गॅसवरचं दूध उतू जातं.

माझी नोकरीच ती आहे, पाखरं बघायची. ऐकून लोक हसतात. हसू देत. तळ्यावर कोण उतरलं, किती दिवस राहिलं, पाणी कसं आहे, गवत कसं आहे, हे बघून तळ्याच्या सरकारी ऑफिसला कळवायचं. त्याचा पगार मिळतो आणि बांधाच्या टोकाला दोन खोल्या. माझ्या आधी हे काम सासूबाई करायच्या. मग त्यांचे गुडघे गेले, पाठोपाठ कान गेले, आणि दुसऱ्या सुनांना सासूचे दागिने मिळतात तशी मला त्यांची दुर्बीण मिळाली. त्यांचा पलंग आम्ही तळ्याकडच्या खिडकीला लावलाय.

माझा नवरा पंप आणि नळ दुरुस्त करतो. सगळे त्याला मिस्तरी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मिस्तरींना जगात एकच गोष्ट सहन होत नाही, ती म्हणजे गळती. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले आणि आतून टपटप ऐकू आली, की यांचा चहा निवतो, गप्पा खुंटतात, आणि शेवटी खिशातून वॉशर निघतो. पहिल्यांदा माझ्या माहेरी आले तेव्हा माझ्याकडे बघायच्या आधी आमच्या नळाकडे बघितलं होतं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

दोन वर्षांपूर्वी तळ्याचं पाणी बाहेर सोडायच्या मोरीचं जुनं लाकडी गेट कुजून गेलं. ऑफिसनं नवं लोखंडी गेट दिलं आणि ते बसवायचं काम आलं मिस्तरींकडे. त्यांनी चारी कडांना रबराची पट्टी अशी काही बसवली, की वर तुडुंब तळं आणि खाली मोरी कोरडी ठणठणीत. मोठे साहेब मोरीत वाकून रुमालानं गेट पुसून गेले. रुमाल ओला झाला नाही, आणि साहेबांनी तो कौतुकानं मिस्तरींनाच देऊन टाकला. त्या रुमालाची गोष्ट मिस्तरींनी मला इतक्यांदा सांगितलीय की रुमालाच्या रेघासुद्धा मला पाठ आहेत.

त्याच वर्षापासून पाखरं उतरेनाशी झाली.

पहिल्या वसंतात मी हवेला दोष दिला, दुसऱ्या वसंतात नशिबाला. तळ्यावर तर खोट काढायला जागाच नव्हती. काठोकाठ भरलेलं, निळंशार, चिखलाचा ठिपका नाही. चिखलच नाही म्हटल्यावर वासही नाही. मग या वर्षी ऑफिसच्या तपासणीसबाई आल्या. बाई स्वभावानं वाईट नाहीत. सांगताना त्या माझ्याकडे न बघता पाण्याकडेच बघत होत्या.

"यंदाही पाखरं थांबली नाहीत, तर तळं नौकाविहाराला द्यायचं ठरलंय," त्या म्हणाल्या. "महिनाअखेरीला मी येऊन बघेन. माझ्या हातात तेवढंच आहे."

म्हणजे नोकरी गेली आणि खोल्याही गेल्या. त्याची काळजी नव्हती असं म्हणणार नाही, मी काही साधू नाही. पण खरी काळजी दुसरीच होती. ही पाखरं इथं हौसेनं उतरत नाहीत. पुढे डोंगर आहेत, डोंगरांवर बर्फ आहे. इथं पोट भरलं तर ती पलीकडे पोचतात. उपाशी गेली तर कुठे पडतात, ते बघायला कुणाची नेमणूक नाही.

रोज सकाळी थवे यायचे. मी बांधावर दुर्बीण घेऊन उभी. थवा तळ्यावर एक फेरी मारायचा, दुसरी मारायचा, पंख कलते करून खाली यायचा, पाय पुढे काढायचा, आता टेकणार, आता टेकणार, आणि पाण्यापासून पुरुषभर अंतरावरून पुन्हा वर उठायचा. शेकडो पाखरं एकदम माघारी वळताना जो आवाज होतो, तो ऐकून वाटायचं की दारात आलेले पाहुणे उंबऱ्यावरून परत चाललेत आणि आपल्याला त्यांना "या" म्हणता येत नाही. घरात आले की सासूबाई खिडकीतून मान वळवायच्या. दुर्बिणीशिवाय त्यांना एवढ्या लांबचं नीट दिसायचं नाही.

"उतरले का गं?"

मी नाही म्हणून मान हलवायचे. त्या पुन्हा खिडकीकडे तोंड करायच्या.

एका सकाळी तलवार बदकांची एक जोडी मात्र उतरली. लांब मान, सुईसारखी टोकदार शेपटी. मी श्वास रोखून दुर्बीण लावली. नरानं डोकं पाण्यात खुपसलं, शेपटी वर, पाय हवेत झाडतोय, मान ताणून ताणून खाली नेतोय. वर आला तेव्हा चोच रिकामी. मादीनं तेच केलं. चोच रिकामी. दोघं सरकत सरकत या काठापासून त्या काठापर्यंत गेली, उलटी होऊन खाली ताणत राहिली, आणि रिकाम्या चोचीनं वर येत राहिली. मग उडाली.

मी घरी आले, चहा टाकला आणि वरच्या फळीवरच्या साखरेच्या डब्याला हात घातला. आमच्या स्वयंपाकघरातली ती फळी मिस्तरींनी स्वतःच्या उंचीला ठोकलीय. टाचा उचलल्या की माझी बोटं डब्याला टेकतात, डबा काही हाती लागत नाही. रोज यांच्या नावानं दोन शब्द पुटपुटून मी स्टूल ओढते. त्या दिवशी हात तसाच वर राहिला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

मी धावत सासूबाईंकडे गेले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आई, जुनं गेट गळायचं का हो?"

"गळायचं?" त्या म्हणाल्या. "अगं, चाळणी होती ती. वसंतापर्यंत निम्म्या तळ्यात वीतभर पाणी नि उरलेल्यात चिखल. दुरुस्त करा, दुरुस्त करा म्हणून मी जन्मभर ऑफिसचे कान किटवले." बोलता बोलता त्या थांबल्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला. "अगं बाई. मीच की."

बदकाची मान केवढी, तर वीतभर. तळाच्या चिखलात गवताचं बी, किडे, गोगलगाई, सगळं ताट वाढलेलं होतं, पण वर पुरुषभर पाणी. आकाशातून बघणाऱ्याला ते कळत होतं. बांधावरून बघणारीला दोन वर्षं कळलं नव्हतं.

मी ऑफिसला फोन लावला. गेटच्या चाकाला ऑफिसचं कुलूप असतं.

"गेट उघडायला वरून हुकूम लागतो," कारकून म्हणाला. "आणि हुकूम येईपर्यंत पावसाळा येईल. निर्णय होईपर्यंत तळं भरलेलंच ठेवायचंय, बाई."

"आणि आपोआप गळलं तर?"

तो हसला. "गळायला कुणी परवानगी मागतं का?"

दुपारी मिस्तरी जेवायला आले. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या गेटला थोडं गळायला लावा."

त्यांचा घास हातातच राहिला. "काय करू?"

"गळायला लावा. हळूहळू. एकदम सोडलं तर सगळं वाहून जाईल."

"अगं, लोक मला गळती काढायला बोलावतात. घालायला नाही. आणि ते गेट..." पुढे रुमाल येणार हे मला माहीत होतं.

"त्या रुमालानं पाखरं उपाशी मारली," मी म्हणाले. जीभ तिखट आहे माझी, काय करू. त्यांचा चेहरा पडला. मग मी उठले, फळीखाली उभी राहिले, टाचा उचलल्या, हात ताणला. "हे बघा. डबा भरलेला आहे. मला उपयोग काय?"

ते माझ्या बोटांकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मला त्या फळीशी झगडताना त्यांनी बहुधा पाहिलंच नव्हतं. मग त्यांनी हात धुतले. मीही रागानं बांधावर निघून गेले.

संध्याकाळी परतले तर स्वयंपाकघरात लाकडाचा भुसा पडलेला. फळी हातभर खाली आली होती. साखरेचा डबा माझ्या नाकासमोर, आणि मिस्तरींची हत्यारांची पेटी जागेवर नव्हती.

ते मोरीत होते. पाठीवर उताणे पडून, पातळ पात्याच्या सुरीनं रबराची पट्टी तासत होते, आणि तासताना चेहरा असा की स्वतःचंच बोट कापताहेत. थोड्या वेळानं गेटच्या कडेनं एक थेंब फुगला, लोंबला आणि पडला. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आणखी?" त्यांनी विचारलं.

"आणखी," मी म्हणाले.

तळं उतरायला लागलं, पण ते किती सावकाश! सकाळी बघावं तर काठाला बोटभर ओली रेघ. सासूबाई म्हणाल्या, "थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ना, उतरतंही तसंच." मिस्तरी रोज कामावर जाता-येता मोरीत वाकायचे, कधी थोडं तासायचे, कधी पट्टी पुन्हा आवळायचे. गळू द्यायचं आणि हाताबाहेर जाऊ द्यायचं नाही, हे गळती बंद करण्याहून अवघड आहे, असं ते कुरकुरत म्हणाले. काळाशार चिखल वर यायला लागला. वास सुटला. मिस्तरींनी नाकाला रुमाल लावला, तोच तो. थवे येत होते, फेऱ्या मारत होते, जात होते. महिना सरत आला आणि माझा धीरही.

मग वारा फिरला. पहाटेपासून दक्षिणेकडून वाहत होता. उजाडताना मी चहा गाळत होते तेव्हा कपाटातल्या बशा किणकिणल्या. मला वाटलं भूकंप. सासूबाई पलंगावर उठून बसल्या होत्या. त्यांना काही ऐकू येत नाही, पण त्यांनी खिडकीच्या काचेवर तळहात ठेवला होता आणि काच थरथरत होती.

"आले," त्या म्हणाल्या.

मी पायात चप्पल न घालता पळाले. आभाळ दिसत नव्हतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसते पंख, थरावर थर, सगळ्यात वर हंसांच्या लांबच लांब माळा. आणि ती उतरत होती. पंखांतली हवा सांडत, डावीकडे कलंडत, उजवीकडे कलंडत, पावसासारखी पडत होती आणि अगदी शेवटच्या क्षणी सावरून पाण्यावर अलगद टेकत होती. तलवार बदकं, हिरव्या डोक्यांचे थापटे, माझ्या ओंजळीतली ती इवली बदकं, हजारोंनी. मोजणं माझं काम आहे. त्या सकाळी मी मोजलं नाही, मला जमलंच नाही. बघता बघता पाणी दिसेनासं झालं आणि मग सगळ्या तळ्यावर फक्त शेपट्याच शेपट्या, सगळे उलटे, सगळे जेवताहेत. मी रडत होते आणि हसतही होते.

मिस्तरी चिखलात गुडघाभर उभे होते. पट्टी बघायला गेलेले, तिथेच अडकले. हातात पाना, आणि चहूबाजूंनी पाखरं उतरताहेत. एक बदक त्यांच्यापासून हातभर अंतरावर टेकलं, त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि खाली डोकं घालून चरायला लागलं. माणूस श्वास घ्यायलाही भीत होता. बऱ्याच वेळानं पाय सोडवत ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले.

"समुद्रापलीकडून?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो."

"मधे कुठे न थांबता?"

"काही तर अजिबात न थांबता."

त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि मी यांचं ताट फळीवर ठेवलं होतं," ते म्हणाले.

तपासणीसबाई आल्या तेव्हा तळं तसंच भरलेलं होतं, पाखरांनी. बाई बांधावर चढल्या, आणि दुर्बीण मागायचीसुद्धा विसरल्या. ऑफिसच्या चांगल्या कपड्यांनिशी तिथेच मातीत बसल्या. मग डोळे पुसून त्या उठल्या. "यात होडी कुठे घालणार?" त्या म्हणाल्या. "होडी चिखलातच रुतेल. तळं पाखरांचंच राहील, मी तसं कळवते."

निरोप द्यायला आम्ही त्यांच्यासोबत मोरीवरून निघालो. तिथे बाई थबकल्या आणि खाली वाकल्या.

"हे गेट गळतंय की! नवंच आहे ना? दुरुस्तीवाल्यांनाही कळवायला हवं." त्यांनी मिस्तरींकडे बघितलं. "कुणी बसवलं हो हे?"

मी जमिनीकडे बघितलं. मिस्तरींनी हात पँटला पुसले. नखांत अजून काळं रबर होतं.

"मीच बसवलं, बाई," ते म्हणाले. "पण ही गळती माझ्याच्यानं काढून होणार नाही. चांगला मिस्तरी नाही मी."

बाईंनी त्यांच्या नखांकडे बघितलं, मग तळ्याकडे. "बरं," त्या म्हणाल्या, "मग राहू दे."

त्या गेल्या. खाली मोरीत पाणी टपटपत होतं, आणि मिस्तरी कठड्यावर टेकून ते ऐकत उभे होते.