तिकडचा रविवार

"बाबा, एवढा नटून कुठे निघालायस?"

मोबाइलच्या पडद्यावर चिन्मयी झोपाळ्यात पाय पसरून पडली होती. केसांना चपचपीत तेल, अंगात नवऱ्याचा ढगळ टी-शर्ट, आणि सातव्या महिन्याच्या पोटावर आंब्याच्या फोडींची बशी. इकडे सिडनीजवळच्या टूनगॅबीत मुरलीधर लेकीच्या लग्नातला रेशमी कुडता घालून, त्याखाली जुलैच्या थंडीची लोकरी पँट चढवून, टेबलावर औक्षणाचं ताट मांडून बसला होता. निरांजन लावून झालं होतं.

"कुठे म्हणजे? अगं, डोहाळजेवण ना तुझं? होडी कुठाय? व्हर्नाबाई कुठायत?"

"डोहाळजेवण संडेला ना, बाबा."

"मग आज काय आहे?"

"इथे? सॅटर्डे."

मुरलीधरने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, मग निरांजनाकडे पाहिलं, आणि दोन्ही हातांनी आपलं डोकं धरलं. चिन्मयीच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग ती इतकी हसली की बशी कलंडली.

झालं होतं असं. चिन्मयी ग्रेनाडात राहते. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट इतकं लहान, की सकाळी निघालेला माणूस गाडीने बेटाला वळसा घालून जेवायला घरी येतो. सिडनीच्या युनिव्हर्सिटीत तिला केल्विन भेटला. शिक्षण संपल्यावर तो आपल्या बेटावर परत गेला आणि त्याच्यामागे आपली पोरगी गेली. करोनाची साथ सुरू झाल्यापासून येणंजाणं बंदच झालं, पण या दोघांनी मुरलीधरसाठी एक नेम धरला. शनिवारी दुपार कलली की सहलीला निघायचं, आणि बाबाला फोनवरून सोबत न्यायचं. तिकडची शनिवारची संध्याकाळ म्हणजे इकडची रविवारची सकाळ. मुरलीधर चहा घेऊन बसायचा आणि धबधब्यावर जायचा.

खरंच जायचा. सोमवारी बस डेपोत आपल्यासोबतच्या ड्रायव्हरला, शैलेंद्रला सांगताना तो "ते गेले होते" असं कधी म्हणत नसे. "काल आम्ही डोंगरातल्या तळ्यावर गेलो," म्हणायचा. "माकडं आली खाली. केळं नेलं माझ्या हातातलं." शैलेंद्र लातूरकडचा तरुण गडी, इथे शिकायला येऊन बस चालवायला लागलेला. तो गंभीर चेहऱ्याने विचारायचा, "मग काका, तुम्ही काय केलं?" आणि मुरलीधरही तितक्याच गंभीरपणे सांगायचा, "दुसरं घेतलं."

बाजारातली जायफळं विकणारी म्हातारी त्याला ओळखत होती. समुद्रावर सगळं गाव मिळून एका मोठ्या पातेल्यात शिजवतं, त्या जेवणात काय काय पडतं ते त्याला पाठ होतं. पहिल्यांदा पातेल्यात डोकावला तेव्हा तो ओरडलाच होता, "अगं, हा आपला नीरफणस! आणि ही अळूची पानं!" दाभोळचा माणूस तो. अर्धं जग ओलांडून लेक गेली तरी अळूच्याच देशात पडली, याचं त्याला आठवडाभर समाधान वाटलं होतं.

चिन्मयीला दिवस गेले तेव्हा मात्र फोन पुरेना. मंजिरी, त्याची बायको, जाऊन चार वर्षं झाली होती. पहिलं बाळंतपण माहेरचं, आणि माहेर म्हणजे आता हा एकटा बाप. त्याने देशाबाहेर जायची परवानगी मागितली. नकार आला. सरहद्द बंद होती, आणि बाहेर जाण्याच्या सबळ कारणांत लेकीचं बाळंतपण बसत नव्हतं. चिन्मयीच म्हणाली, "बाबा, नो वरीज. मला काही सेरेमनी वगैरे नकोय."

मग दोन-तीन रविवार गेल्यावर, समुद्रावर सगळे पोहत असताना, ती एकटी फोन घेऊन नारळाखाली बसली आणि म्हणाली, "आईचं डोहाळजेवण नावेत झालेलं ना रे?"

दाभोळच्या खाडीत. नावेला झेंडूच्या माळा, मंजिरीला फुलांच्या वाड्या, हिरवी साडी. नावेत सगळ्या बायका. मुरलीधर धक्क्यावर उभा होता, तोही पाठ करून, कारण आत्याने दटावलं होतं. नावेतून नुसतं हसणं ऐकू येत होतं. तीस वर्षं झाली, पण आत नक्की काय चाललं होतं ते त्याला अजून माहीत नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "तुझंही नावेत करू."

बोलून गेला आणि मग पंचाईत झाली. जिथे माहिती शून्य तिथे विचारायचं कुणाला? शेजारच्या वासंतीवहिनी कुंपणापलीकडून मास्क लावून शिकवू लागल्या, आणि हा अलीकडून मास्क लावून ऐकू लागला. ओटी कशाने भरायची, किती जणींनी भरायची, नारळाची शेंडी कुणीकडे. "भाऊजी, तुम्ही नुसतं बघा हो. तिच्या सासूबाईंना मी सांगेन व्हिडिओवर." व्हर्नाबाई, म्हणजे केल्विनची आई, चर्चमधल्या गाणाऱ्या बायकांची पुढारी. तिने हा बेत असा उचलला की जणू बेटावर दर आठवड्याला डोहाळजेवणं होतात. पुतण्याची मासेमारीची होडी ठरवली, फुलं ठरवली, बायका जमवल्या. दिवस ठरवताना मुरलीधर म्हणाला, "संडे." ती म्हणाली, "संडे, गुड." तिने तिकडचा रविवार धरला आणि याने इकडचा. दोघंही शहाणी, म्हणून कुणी पुन्हा विचारलं नाही.

त्यासाठी मुरलीधरने त्या रविवारी नेमकी आलेली आपली ड्यूटी शैलेंद्रच्या गळ्यात घातली होती. तिकडचा रविवार म्हणजे इकडची सोमवारची सकाळ, आणि सोमवारी सकाळी मुरलीधर बसवर.

"पुढच्या आठवड्यात नाही का जमायचं?" त्याने विचारलं.

"होडी उद्यानंतर रंगवायला काढणार आहेत. शर्यतीसाठी. मग महिनाभर नाही." चिन्मयी आता हसत नव्हती. "आणि डॉक्टर म्हणाली, होडीत बसायचं तर आत्ताच."

संध्याकाळी शैलेंद्रचा फोन आला. घोळ ऐकून तो म्हणाला, "काका, टेन्शन नका घेऊ. उद्याचीपण मी करतो. एकदाच तर आजोबा होणार तुम्ही." मुरलीधरला त्याला काय देऊ नि काय नको असं झालं. त्या आनंदात त्याने कढई चढवली. मिठायांची दुकानं लांब, आणि घरापासून लांब जायला बंदी. मग दूध पावडरीचा खवा त्याने स्वतःच केला, वरून चिन्मयीने पूर्वी पाठवलेलं जायफळ किसलं. दोन झाकलेल्या वाट्यांपैकी गरोदर बाईने एक निवडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मंजिरीला पेढा निघाला होता आणि झाली चिन्मयी, तेव्हा त्या खेळाची लायकी मुरलीधरला चांगली ठाऊक होती. तरी त्याने निम्मा खवा गोल वळला आणि निम्मा चौकोनी कापला.

वाट्या झाकतोय तोच शैलेंद्रचा पुन्हा फोन. आवाज पडलेला. "काका, मेसेज आलाय. मी शॉपिंग सेंटरला गेलेलो ना, तिथे कोणीतरी पॉझिटिव्ह होतं. टेस्ट करून घरात बसायचंय. सॉरी, काका."

"अरे, सॉरी कशाला? तू बरा आहेस ना?"

"मी मस्तये. ऐका ना, तुम्ही सिक लीव्ह मारा उद्या. कोण काय बोलणारे? मी डेपोला सांगतो, दुसरा बघा म्हणून."

"आहे कोण दुसरा?"

निम्मे ड्रायव्हर घरात अडकले होते. दुसरा नसला तर फेरी रद्द होणार, हे दोघांनाही माहीत होतं. ती फेरी हॉस्पिटलची. तिच्यात नर्स, सफाईवाल्या, स्वयंपाकघरातली माणसं. बाकी शहर घरात बसलं होतं तेव्हाही ही माणसं अंधारात स्टॉपवर उभी असायची आणि चढताना "मॉर्निंग, ड्रायव्हर" म्हणायची. त्यांच्यातली एक नर्स मुरलीधरच्या चांगल्या ओळखीची होती. मंजिरीच्या शेवटच्या दिवसांत सकाळची पाळी तिची असे, आणि ती येईपर्यंत मंजिरी दाराकडे डोळे लावून पडलेली असे. तेव्हाही ती बसनेच यायची.

"मी जातो," मुरलीधर म्हणाला.

चिन्मयीला सांगणं याहून अवघड होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. "ओके, बाबा. नो वरीज." अगदी आईसारखं. मंजिरी "काही नाही" म्हणायची, तेव्हा हमखास काहीतरी असायचं.

"ब्रेकमध्ये फोन करीन गं."

"तोपर्यंत संपलेलं असेल. सूर्य बुडतो इथे. पण कर."

सोमवारी सकाळी मुरलीधरने गणवेशाच्या आत तो रेशमी कुडता घातला. का घातला ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोन्ही वाट्या फडक्यात बांधून डब्याच्या पिशवीत ठेवल्या. बस चालवताना फोन बंद करून पिशवीत ठेवायचा, हा नियम त्याने कधी मोडला नव्हता आणि त्या दिवशीही मोडला नाही. पण मन कुठलं बंद होतंय? पहिल्या फेरीला उजाडत होतं, तेव्हा त्याला वाटलं, आता माळा बांधत असतील. दुसऱ्या फेरीला तो स्टेशनाच्या वळणावर होता, तेव्हा वाटलं, आता ओटी भरत असतील. वहिनींचं इंग्रजी व्हर्नाबाईंना कळेल का? बिनसाखरेचा चहा म्हणजे काय हे वहिनींना दुकानात पंधरा मिनिटं समजावता आलं नव्हतं. प्रत्येक स्टॉपवर तो थांबला. प्रत्येकाला "मॉर्निंग" म्हणाला. धावत येणाऱ्या एका सफाईवालीसाठी त्याने दार उघडं धरून ठेवलं, आणि त्यात आपला ब्रेक कापला जातोय हे त्याच्या ध्यानात होतं.

हॉस्पिटलच्या शेवटच्या स्टॉपवर बस रिकामी झाली. ती ओळखीची नर्स उतरताना म्हणाली, "थँक यू, ड्रायव्हर. हॅव अ गुड वन." मुरलीधरने दार लावलं, इंजिन बंद केलं, आणि फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला. आपण उशिरा आलो, असं तो स्वतःला सांगतच होता, तेवढ्यात पडदा उजळला.

नाव अजून पाण्यात होती.

"आहोत आम्ही!" चिन्मयी वाऱ्यावर ओरडली. मंजिरीची हिरवी साडी, कपाळावर मोठं कुंकू, गळ्यात आणि दंडात लाल-पिवळ्या रानफुलांच्या वाड्या. पदरात नारळ, आणि नारळासोबत मूठभर जायफळं, कारण व्हर्नाबाईंच्या मते नुसत्या तांदळाने कुणाचं भलं होत नाही. "ही किनाऱ्याला लागूच देत नाहीये, बाबा. कधीचे गोलगोल फिरतोय. सगळ्यांना भूक लागलीये."

व्हर्नाबाईंचा हॅटमधला चेहरा फोनमध्ये शिरला. "मुरली! द बोट डझन्ट गो इन टिल द फादर कम्स."

बायकोच्या डोहाळजेवणाला आत्याने मुरलीधरला नावेकडे पाठ करायला लावली होती. इथे कुठल्या परक्या मुलखातल्या बाईने त्याच्यासाठी अख्खी होडी पाण्यात थोपवून धरली होती. त्याने पिशवी सोडली. दोन्ही वाट्या स्टिअरिंगपुढच्या सपाट जागेवर ठेवल्या आणि फोन समोर धरला.

"कुठली?"

बायका एकदम बोलायला लागल्या. चिन्मयीने डोळे मिटले, बोट इकडेतिकडे फिरवलं, आणि ठेवलं. "डावी. तुझी डावी."

त्याने झाकण उचललं. बर्फी. होडीत टाळ्यांचा असा गजर झाला की फोन हातात थरथरला.

"खा ना, बाबा. माझ्या वाटची."

त्याने मास्क खाली केला आणि बर्फी तोंडात टाकली. जायफळाची चव आली, तिच्या बेटावरची. खवा थोडा करपला होता. "छान झालीये," तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत.

नाव किनाऱ्याकडे वळली. तिकडचा सूर्य पाण्यात गेला आणि पडदा काळा झाला. चित्र गेलं, आवाज राहिला. पाण्याचा, वल्ह्यांचा, आणि बायकांच्या हसण्याचा. मुरलीधर रिकाम्या बसमध्ये फोन कानाशी धरून ऐकत राहिला.

"बाबा? आहेस ना?"

"आहे गं. धक्क्यावरच आहे."

बसच्या काचेवर टकटक झाली. रात्रपाळी संपवून घरी निघालेली एक नर्स बाहेर थंडीत उभी होती. मुरलीधरने मास्क वर केला, दुसरी वाटी न उघडता पिशवीत ठेवली आणि तिच्यासाठी दार उघडलं.