नऊ गुण कमी

बारा हंगाम, दोन अजिंक्यपदं, एकदा अंतिम सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू आणि दोन्ही गुडघ्यांची कायमची वाट. बास्केटबॉलमधली बांबूची कारकीर्द अशी भरभक्कम होती, पण लोक विचारायचे एकच, "भिंतीवर नाव आहे का?" लीगच्या स्टेडियममध्ये दहा हजार गुण केलेल्या खेळाडूंची नावं पितळी अक्षरांत लावलेली होती. बांबूचे गुण होते नऊ हजार नऊशे एक्क्याण्णव. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं!

बरं, ते शेपूटही हरवलेलं नव्हतं. ते दुसऱ्याच्या नावावर पडून होतं, आणि संताप होता तो त्याचाच. सातव्या हंगामात एका सामन्यात कुणाचं तरी कोपर नाकावर बसलं आणि बांबूचा शर्ट रक्तानं माखला. रक्त लागलेल्या शर्टात खेळता येत नाही, असा नियम. जादा शर्ट व्यवस्थापक घरी विसरून आला होता. तेव्हा संघातल्या बाकोबानं अंगातला पंधरा नंबरचा शर्ट काढून दिला आणि स्वतः टॉवेल गुंडाळून बसला. दोन हंगाम मन लावून बाक उबवला म्हणून हा बाकोबा. त्याच्या आखूड शर्टात बांबूनं चौदा गुण केले, सामना जिंकला, आणि मान वर न करणाऱ्या गुणलेखकानं ते चौदाच्या चौदा पंधरा नंबरपुढे मांडले. जिंकल्याच्या धांदलीत कागद कुणी वाचलाच नाही. सगळ्यांनी सह्या ठोकल्या.

निवृत्त झाल्यावर बेरीज छापून आली तेव्हा बांबूच्या डोक्यात त्या चौदा गुणांचा लख्ख उजेड पडला. तेव्हापासून दीड वर्ष तो लीगच्या कार्यालयात खेटे घालत होता. आज साहेब बैठकीत, उद्या कारकून रजेवर, परवा अर्जाचा नमुनाच बदललेला. सहा फूट आठ इंचांचा माणूस त्या बुटक्या खिडकीपुढे कमरेत वाकून उभा राहायचा आणि घरी येऊन भिंतीवर चेंडू आपटायचा.

"अहो, लीगमध्ये खेळलात त्यापेक्षा जास्त त्या कार्यालयात खेळताय," बायको म्हणायची. "आणि तिथं एक बास्केट नाही झालं."

शेवटी एकदाचा कारकून म्हणाला, "गुणलेखक वारले. आता ज्यांचा शर्ट, त्यांनी लिहून दिलं तरच."

बाकोबाचं चष्म्यांचं दुकान होतं. बांबू वाटभर भांडणाची उजळणी करत गेला. हा आढेवेढे घेणार, मग आपण नियम दाखवायचा, नाहीच ऐकलं तर वकील. बाकोबा एका भिंगाची कड घासत होता. त्यानं मान वर केली आणि हसला.

"आलास? मला वाटलं, विसरलास."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला नसणार तर कुणाला? घाम तुझा, शर्ट माझा. पण सासरे चारचौघांत मला 'चौदा गुणवाले जावई' म्हणतात रे. म्हणून मूग गिळून बसलो. चुकलं माझं. आण तो कागद."

"अरे, वाच तरी!"

"वाचायचं काय? तुझेच आहेत ते." आणि भिंगावर खुणा करायच्या पेनानं त्यानं फर्रकन सही केली.

बांबू आणखीनच चिडला. भांडला असता तर निदान जिंकल्यासारखं वाटलं असतं. हा लेकाचा चहा मागवत होता!

तो तसाच कार्यालयात गेला. कारकुनानं कागद वाचला, नोंदपुस्तक उघडलं आणि पंधरा नंबरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"यांचे एकूण गुण चौदाच होते. म्हणजे आता शून्य. मग यांचं नाव निघेल."

"निघेल म्हणजे?"

"एक तरी गुण असेल तरच पुस्तकात नाव राहतं. शून्यवाले धरत नाहीत."

"अहो, पण दोन हंगाम संघात होता तो!"

"असतील हो. पुस्तकात नसतील. मारू शिक्का?"

'थांबा', एवढाच शब्द. तो बांबूच्या जिभेवर आला होता. पण दीड वर्षाचे खेटे, सुजलेले गुडघे, भिंतीवरची ती रिकामी जागा, सगळं एकदम आडवं आलं आणि शब्द तिथंच अडला. दीड वर्षात ज्या कारकुनाचा हात जागचा हलला नव्हता, त्यानं पुढच्या क्षणी शिक्का मारला.

"अभिनंदन. दहा हजार पाच."

बाहेर पायरीवर येऊन बांबूनं स्वतःला दोन सणसणीत शिव्या दिल्या. परत आत गेला, तर खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद झाली होती. त्यानं काचेवर थापा मारल्या. आतून कुणी तरी हातानंच 'नंतर या' म्हणून खूण केली.

तेवढ्यात बाकोबाचा फोन आला.

"झालं का रे काम?"

"झालं."

"वा, पठ्ठ्या! नाव लावतील त्या दिवशी मला बोलव हं. तिथं उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार आहे, याच्या संघात मीही होतो म्हणून."