बशीवरच्या पाकळ्या

आधीच सांगते, मला राग लवकर येतो. आमच्या वाडीत कुणालाही विचारा. "किशोरी? कडकलक्ष्मी ती!" असं म्हणतील, आणि म्हणायच्या आधी मी जवळपास नाही ना, ते बघून घेतील. पण त्या संध्याकाळी राग माझ्या मोठ्या जावेला आला होता. सावित्रीवयनींना. आणि त्या रागात त्यांनी हातातली चहाची बशी माझ्या तळीत फेकून दिली.

तळी म्हणजे काय, तर परसातला खड्डा. घर वाढवलं तेव्हा जांभ्या दगडाचे चिरे परसातच काढले आणि छातीएवढा खोल खड्डा राहिला. सगळे म्हणाले, बुजवा. मी म्हटलं, हात तर लावून बघा! पावसाने तो भरला, मी त्यात कमळाचे दोन कांदे सोडले, व्हाळातले, म्हणजे ओढ्यातले, लहान मासे सोडले, आरोग्य केंद्रातून डास खाणारे गप्पी आणून सोडले. गणपतीला मुंबईची मंडळी आली ती घरात कमी आणि तळीच्या काठावर जास्त. माझी छाती अशी फुगली होती की काय सांगू!

गणपती गेले, ऊन तापलं, आणि दहा दिवसांत पाणी कोथिंबिरीच्या चटणीसारखं झालं. वर वास. मासे आहेत की मेले, तेही कळेना.

आता हे परसू आमचं सामायिक. अलीकडचं अर्धं घर आमचं, पलीकडचं वयनींचं. भावोजींना जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा सुशांत मुंबईत, वयनी एकट्या. आणि स्वच्छता म्हणाल तर त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, सांडलेला भात वेचून खावा. त्यांच्या तांब्यात बघून मी कितीदा टिकली लावलीय.

त्या संध्याकाळी आम्ही मागच्या पायरीवर चहा पीत होतो. जेसीबीवाला बाबली पण आला होता. वाऱ्याबरोबर तळीचा वास आला आणि वयनी उसळल्या.

"किशोरे, ह्यो उकिरडो माका नको! बाबल्या, तुझो जेसीबी आण आणि बुजय."

"बुजवता कसो, बघतंय मी!" मी पण उठले. "पाणी साफ करून दाखवतंय तुमका!"

"साफ? ह्यां?" वयनींनी उरलेला चहा तोंडात टाकला आणि निळ्या फुलाची ती पांढरी बशी भिरकावली. डुबुक! "बशीवरच्या फुलाक पाकळ्यो किती, ता वरून मोजून दाखवूचां. तुळशीच्या लग्नादिवशी, बारा वाजता. मोजूक गावल्यो तर तळी ऱ्हवात. नाय तर बाबली आसाच."

"माका चलात," मी म्हटलं. चार माणसांसमोर शब्द गेला तो गेला. ती बशी भावोजींनी मालवणच्या बाजारातून आणलेल्या सेटातली शेवटची होती, हे मला नंतर आठवलं. वयनींनाही नंतरच आठवलं असणार, कारण त्या रात्री जेवल्या नाहीत.

तुळशीच्या लग्नाला सात आठवडे होते. पहिल्यांदा मी अर्धं पाणी उपसलं आणि विहिरीचं भरलं. चार दिवसांत परत चटणी. पुन्हा उपसलं. पुन्हा चटणी. पालथ्या घड्यावर पाणी! आमचे हे, म्हणजे भाई, खुर्चीत बसून म्हणाले, "ह्या पाण्यात भात लावलो असतो तर पिकलो असतो." मी कळशी आपटली, ती अजून चेपलेली आहे.

आणि एका सकाळी न्हाणीतून बाहेर आले तर डोक्यात वीज चमकली. आमच्या न्हाणीचं पाणी मागे अळवात जातं. साबणाचं, राखाडी, बघवत नाही असं पाणी. अळू, कर्दळ, लव्हाळा यांच्या मुळांतून झिरपत ते पुढे केळीच्या बुडाशी पोचतं. तिथे मी वाकून बघितलं. खळगीत स्वच्छ पाणी, तळाचा खडा न् खडा दिसतोय, आणि मधोमध एक बेडूक जमीनदारासारखा बसलाय. आजेसासूपासून आम्ही त्या वाफ्यात पाणी सोडतोय, पण ते पुढे कसं होतं हे कुणी बघितलंच नव्हतं!

मी ओल्या केसांनी घरात धावले. "अहो, उठा, उठा!"

"काय झाला? सरप इलो?"

"सरप नाय, अक्कल इली!"

त्याच दिवशी ह्यांना कसालच्या बाजारात पिटाळलं आणि छोटा पंप आणायला लावला. निळं प्लास्टिकचं पिंप उभं चिरलं, दोन डोणी झाल्या. त्या काठावर उंचावर ठेवल्या, एक जरा वर, एक जरा खाली. त्यांत खडी आणि चिऱ्याचे तुकडे भरले. माती एक कण नाही. वेखंड, कर्दळ, लव्हाळा, अळू, सगळ्यांची मुळं धुऊन त्या खडीत रोवली. पंप तळीतलं पाणी वरच्या डोणीत चढवणार, ते मुळांतून चालत खालच्या डोणीत येणार आणि तिथून परत तळीत पडणार. घाण तिथे ठेवून यायचं, एवढंच त्याचं काम. पहिली धार पडली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. पन्नाशीची बाई, परसात एकटी, टाळ्या!

पण तीन आठवडे झाले तरी पाणी हिरवं ते हिरवंच. कर्दळीला फूल आलं, वेखंड फोफावला, पाणी बदलायला तयार नाही. मी रोज सकाळी डोणीत बघायची, तर दगड कसे लख्ख! मला वाटायचं, व्वा, काय फिल्टर केलाय मी, स्वतःलाही धुतो. मग तळी हिरवी का? वीस दिवस उरले होते. बाबली रस्त्यात भेटला की जेसीबीच्या दांड्यासारखा हात हलवून दाखवायचा. शिरा पडो त्याच्या तोंडावर!

शेवटी लेकीला फोन केला. प्राजक्ता शेतकी कॉलेजात शिकते. व्हिडिओवर तिने सगळं बघितलं.

"आई, झाडां मस्त आसत. दगडार बुळबुळीत थर इलो?"

"कसलो थर? आरशासारखे आसत दगड!"

"आरशासारखे?" ती किंचाळली. "अगो, तो थर म्हणजेच तुझो फिल्टर! डोळ्यांक दिसणत नाय असले जीव ऱ्हवतत त्यात. पाण्यातली घाण ते फोडतत, मगे मुळां ती ओढून घेतत. तीन आठवड्यांत दगड बुळबुळीत होवक व्हये होते. कोणतरी घासता, आई!"

घासता! माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमच्या परसात येऊन दगड घासणारं माणूस एकच. बुजवायचीच आहे ना तळी, मग किशोरीला हरवा! रात्रभर मी भांडणाची वाक्यं जुळवली. एकेक वाक्य असं की ऐकणाऱ्याने गाव सोडावा.

उजाडायच्या बेतात मी हळदीच्या पानांमागे जाऊन बसले. पलीकडचं दार वाजलं. वयनी आल्या. एका हातात बादली, दुसऱ्या हातात नारळाचं सोडण, भांडी घासायचं काथ्याचं साल. पंप बंद केला, डोणीतला एकेक दगड मुळांना धक्का न लावता काढला आणि लागल्या घासायला.

"गावलास!" मी हळदीतून उडीच मारली. "वयनी, जिंकूचां तर सरळ जिंका! माझे दगड घासून माका हरवतास?"

सोडण त्यांच्या हातातून पडलं. पण वयनीही काही कमी नाहीत. "हरवतंय? मेल्या दगडांका सगळी बुळबुळ, आणि तू बघतंस खंय? रोज मी घासतंय म्हणान तुझो फिल्टर चलता तरी! तुका जिंकूचां आसा काय नाय?"

रात्रभर जुळवलेली वाक्यं फुकट गेली. "म्हणजे? तुमका तळी बुजवूक नको?"

वयनी काठावर बसल्या. कमरेच्या ओच्यातून त्यांनी काहीतरी काढलं. भाताची शितं. पाण्याजवळ हात नेला आणि हळूच म्हणाल्या, "येवा रे." त्या हिरव्या चटणीत वीस-पंचवीस तोंडं उघडली, फक्त तोंडं, आणि शितं गायब.

"रोज येतत," वयनी म्हणाल्या. "हाक मारल्यार येतत. आमच्या घरात हाक मारल्यार कोण येता, सांग?" मग नाक पुसून म्हणाल्या, "बशी मी रागान टाकलंय. बाबलीच्या समोर बोलान बसलंय. आता शब्द मागे कसो घेव?"

राग कुठे गेला कोण जाणे. मी त्यांच्या शेजारी बसले, आणि प्राजक्ताने सांगितलेलं सगळं सांगितलं. थर, जीव, मुळं. वयनींनी हातातला लख्ख दगड बघितला, मग स्वतःचे हात बघितले.

"म्हणजे मीच?"

"तुमीच."

"आगे बाय माझे!" त्यांनी कपाळावर हात मारला, आणि मला हसू फुटलं ते थांबेना. हसताहसता मी दुसरी वाईट बातमी दिली, "आणि शितां पण बंद. ती कुजतत, त्यावर हिरवां वाढता. मासे डासांची पिल्लां खातीत, मरूचे नाय."

"शितां पण?" हे मात्र त्यांना खरंच लागलं. पण मान डोलावली.

वीस दिवस! दगडाला हात लावायचा नाही, एवढंच व्रत. वयनींचे हात शिवशिवायचे. एकदा सोडण घेऊन डोणीपाशी उभ्या दिसल्या, मी घरातली सगळी सोडणं लपवली. मग त्यांनी काय करावं? माझी भांडी घासली. मांगरातला, म्हणजे मागच्या खोपीतला, काळा ठिक्कर हंडा बाहेर काढून सोन्यासारखा केला.

पाचव्या दिवशी मी दगडावर बोट फिरवलं आणि ओरडले, "वयनी, बुळबुळीत झालो!" त्या बुळबुळीच्या आनंदात दोघी नाचलो. भाई म्हणाले, "ह्यांका दोघींक एकदमच भूत लागला वाटता." अकराव्या दिवशी वीतभर खोलावरचा मासा दिसला. शेपटीसकट! पंधराव्या दिवशी कडेच्या कातळातली चिऱ्यांच्या कापाची दुसरी रांग दिसली, मग तिसरी. मी दिवसातून दहादा बघायची, वयनी वीसदा. लग्नाच्या आदल्या दिवशी तळाशी पांढरं काहीतरी दिसलं आणि माझी भूकच गेली.

तुळशीच्या लग्नादिवशी बाबली साडेअकरालाच आला. जेसीबी गेटात उभा करून आला, मेला! प्राजक्ता कॉलेजातून आली होती. वृंदावनाला ऊस बांधता बांधता भाई पण आले. बारा वाजले, आणि नेमका तेव्हाच एक ढग येऊन सूर्यावर बसला. इतकी चिडले मी त्या ढगावर!

सगळे वाकलो. बशी दिसत होती, गोल, पांढरी. मधे निळं काहीतरी. पण पाकळ्या? मी डोळे फाडले. निळा डागच दिसत होता. प्राजक्ताने माझ्याकडे बघून हळूच नाही म्हणून मान हलवली. 

"मोजा, काकी," बाबली म्हणाला.

मी आणखी खाली वाकले. तेवढ्यात वयनींनी मला बाजूला सारलं, चष्मा लावला, काठावर गुडघे टेकले आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पाच!"

"दिसल्यो तुमका?" बाबली पण वाकला. "माका तर..."

"बाबल्या, बशी कोणाची?"

"तुमची."

"पैज कोणी लावलेली?"

"तुमीच."

"मगे? पाच म्हणजे पाच. तुझो जेसीबी वळय, आणि सांजचो लग्नाक ये. चुरमुरे घेवन जा."

बाबलीने डोकं खाजवलं आणि गेला. जेसीबीचा आवाज वळणापलीकडे गेला. मी वयनींकडे बघायला घाबरत होते. मला कळलं होतं. त्या माझ्यासाठी, आणि त्या माशांसाठी, चार माणसांत खोटं बोलल्या होत्या. उभ्या आयुष्यात खोटं न बोललेली बाई!

आणि ढग सरला. ऊन सरळ तळापर्यंत उतरलं. मी पाण्यात बघितलं. चिरे तोडताना कातळावर पडलेल्या कुऱ्हाडीच्या खुणा दिसत होत्या. बशीच्या कडेचा टवका दिसत होता. मी मोजलं. परत मोजलं.

"वयनी," मी म्हटलं, "सहा आसत."

"काय सहा?"

"पाकळ्यो! पाच नाय, सहा!"

वयनी वाकल्या. बोट पुढे करून मोजू लागल्या. एक, दोन, तीन... सहाला बोट थांबलं. "सहाच गो," त्या पुटपुटल्या. "इतकी वर्सां त्या बशयेत चाय पितंय, कधी मोजूकच नाय."

"मगे मघाशी पाच खंयसून काढलास?"

"अंदाजान! फुलाक पाचच असतत ना बहुतेक?"

मग जे आम्ही ओरडलो! प्राजक्ता उड्या मारत होती, भाईंनी हातातला ऊस झेंड्यासारखा हलवला, मी वयनींना मिठी मारली आणि दोघी पाण्यात पडता पडता राहिलो. वयनी म्हणाल्या, "सोड गो, चष्मो पडात!" पण मला सोडलं नाही.

मग त्यांनी ओच्याला हात घातला. शितं तिथेच होती. सकाळपासून बांधून ठेवलेली. माझ्याकडे लहान मुलासारखं बघितलं. "आता?"

"चारच," मी म्हटलं.

त्या वाकल्या आणि हळूच हाक मारली, "येवा रे."

इतके दिवस हाकेला येणारी नुसती तोंडं दिसली होती. आता कमळाच्या देठाआडून, बशीच्या मागून, अगदी तळापासून एकेक मासा निघताना दिसला, वळताना दिसला, वर येताना दिसला. सगळेच्या सगळे. वयनींनी शितं टाकलीच नाहीत, तशाच पाण्यावर हात धरून बघत बसल्या.

"बघ गो, किशोरे," त्या म्हणाल्या, "खंयसून खंयसून येतत."