चौकटीवरच्या रेघा

साहेबांनी फ्रीज उघडला आणि आत डोकं घातलं, जणू मूल तिथेच ठेवलेलं असणार. मग न्हाणीघर झालं, पलंगाखालचं झालं. आईबाप नसलेल्या मुलांनी कुठे राहायचं, हे ठरवायला बालकल्याण कार्यालयाने पाठवलेले हे गृहस्थ. मुलं त्यांनी आजवर फक्त कागदावर वाढवली होती.

मावशी दारात हात बांधून उभी होती. बहीण गेल्यापासून भाची तिच्याकडेच होती. आज साहेब नाही म्हणाले, की पोर अनाथाश्रमात जाणार.

"घरात पुरुष कोण?"

"कुणी नाही. मी आणि ती."

"मग याला कुटुंब कसं म्हणायचं, बाई? कुटुंब हा समाजाचा पाया असतो."

हे वाक्य ते घरोघर टाकत आले होते. आता त्यात त्यांचाही जीव नव्हता.

"आणि इथे मूल राहतं असं वाटतच नाही. एक खेळणं नाही, भिंतीवर साधा ओरखडा नाही."

साहेब येणार म्हणून मावशीनेच मरमर मरून घर घासलं होतं. खेळणी, वह्या, रंग, सगळा पसारा शेजारी नेऊन ठेवला होता. दाराच्या चौकटीवर पोरीच्या उंचीच्या रेघा होत्या, त्यांवरही काल पांढरा रंग फासला. असल्या माणसाला खूश करायला गेली, हीच तिची अक्कल!

"इथे रेघा होत्या, साहेब. तिच्या उंचीच्या."

"होत्या," साहेब म्हणाले आणि खिशातून पेन्सिल काढून लिहू लागले. अभिप्राय आधी पेन्सिलीने लिहायची त्यांची पद्धत होती. वरिष्ठांचं मत कळलं, की मग ते शाईने लिहीत.

तेवढ्यात भाची शाळेतून आली. दप्तर भिरकावलं, एक बूट इकडे, एक तिकडे. साहेबांकडे ढुंकूनही न बघता ती चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

"मावशी, आज एक तारीख. पेन्सिल आण!"

मावशीने इकडेतिकडे पाहिलं. घरातल्या सगळ्या पेन्सिली शेजारी होत्या. ती पुढे झाली आणि साहेबांचं वाक्य अर्ध्यावर असतानाच तिने त्यांच्या बोटांतून पेन्सिल काढून घेतली.

"टाचा खाली," ती पोरीला म्हणाली.