निव्वळ छंदाचं हमीपत्र

माझा ड्रोन सरकारी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात सव्वा महिना पडून होता. दर मंगळवारी मी चष्म्याचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवायचो आणि तुरुंगातल्या नातेवाइकाला भेटायला जावं तसा तिथे जायचो. फरक एवढाच, की नातेवाईक निदान दिसतो तरी.

गुन्हा काय, तर मी कालव्यावरून ड्रोन उडवला आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकला. छंद म्हणून उडवायची नोंदणी माझ्याकडे होती. पण व्हिडिओ लोकांना दाखवला की ते उड्डाण व्यावसायिक ठरतं का, आणि ठरत असेल तर वेगळा परवाना लागतो का, यावर त्या इमारतीत जितकी टेबलं तितकी मतं. पहिल्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, लागत नाही. दुसऱ्या खिडकीतला म्हणाला, लागतो. मदत केंद्राने मला फोनवर बावीस मिनिटं एकच धून ऐकवली आणि सांगितलं, संबंधित कार्यालयात विचारा.

शेवटी माझी रवानगी परवाना अधिकाऱ्यांकडे झाली. हे गृहस्थ बोलताना सतत पेनाचं टोपण काढायचे आणि लावायचे, लिहायचे मात्र काही नाही, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना टोपणराव म्हणायला लागलो.

"छंद म्हणजे कसं," टोपणराव म्हणाले, "उडवायचं, उतरवायचं, घरी जायचं. तुम्ही जगाला दाखवलंत."

"जगाला कुठे, साहेब? त्रेचाळीस वेळा बघितला गेलाय तो. त्यातले तीस वेळा माझे वडीलच असतील."

"व्हिडिओच्या आधी गादीची जाहिरात लागते."

"ती मी लावत नाही. मला त्यातून काही मिळतही नाही. माझ्या वडिलांनासुद्धा ती बघावी लागते."

टोपण निघालं, टोपण लागलं. "तपासून सांगतो. पुढच्या मंगळवारी या."

डोक्यात तिडीक गेली. पण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे होती, म्हणून मी "बरं साहेब" म्हणून निघालो. असे चार मंगळवार गेले.

बाबा चाळीस वर्षं कालवा निरीक्षक होते. रोज काठाने अठरा किलोमीटर सायकल मारायची, प्रत्येक गेटपाशी उतरायचं, कुठे भेग पडलीय, कुठे ओल आलीय ते बघायचं. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. तेव्हापासून ते नुसते पडून असायचे. काही विचारलं तर मान हलवायचे, बस्स. ड्रोन मी त्यांच्यासाठीच घेतला. पहिला व्हिडिओ दाखवला तेव्हा ते उशीला टेकून बसले आणि त्यांनी मला झापलं. "एवढ्या उंचावरून काय डोंबल दिसणार? खाली घे की."

मग दर रविवारी कालवा. व्हिडिओ इंटरनेटवर टाकायचा तो त्यांच्या चार निवृत्त सहकाऱ्यांसाठी. तेही घरबसल्या बघायचे आणि फोनवर बाबांशी तासभर वाद घालायचे. त्या वादांनी घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं होतं. ड्रोन जमा झाल्यावर फोन थांबले आणि बाबा पुन्हा नुसती मान हलवण्यावर आले. टोपणरावांच्या कपाटात खरं तर हे अडकलं होतं, पण त्यासाठी अर्जात रकाना नव्हता.

पाचव्या मंगळवारी टोपणरावांनी फाइल माझ्याकडे सरकवली. "जाहिरातीचं सोडा. मूळ कागद आज सापडला. कालवा खात्याने आमच्याकडे पाठवलेला."

अक्षर बाबांचं होतं. 'विषय : गेट क्रमांक सातखालील गळतीबाबत निरीक्षण अहवाल.' खाली आकृती, ओलीची लांबी-रुंदी, 'सोबत चित्रणाची लिंक, चार मिनिटे दहा सेकंदांपाशी पाहावे'. सहीखाली कालवा निरीक्षक. निवृत्त हा शब्द कुठेही नव्हता. गळती दिसली की अहवाल करायचा, चाळीस वर्षांची सवय. त्यांनी तो करून माझ्या बायकोच्या हातून टपालात टाकला होता आणि मला पत्ता नव्हता.

"तुमच्या व्हिडिओवरून वडिलांनी तपासणी केली," टोपणराव म्हणाले. "तपासणी हे काम. काम आलं की उड्डाण व्यावसायिक. त्याला परवाना, परवान्याला प्रशिक्षण, प्रशिक्षणाला नोंदणीकृत संस्था."

"मी चष्म्याच्या काचा घासतो, साहेब. संस्था कुठून आणू?"

"म्हणून सोपा मार्ग सांगतो." त्यांनी एक छापील हमीपत्र काढलं. 'सदर चित्रण निव्वळ छंदाचे असून त्याचा कोणत्याही कामास उपयोग नाही. त्यावर आधारित माझा अहवाल मी मागे घेत आहे.' "यावर वडिलांची सही आणा आणि ड्रोन घेऊन जा. व्हिडिओ खुशाल टाका."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मी तडक घरी गेलो.

बाबांनी कागद दोनदा वाचला. "गळती बुजवली का?"

मी पाच मंगळवार तिथे ड्रोनसाठी भांडलो होतो, पण आज अहवाल हातात आला तेव्हाही हे विचारलं नव्हतं. मला माझाच राग आला. "बाबा, त्यांनी गळतीचं काही वाचलंच नाही. कागद चार टेबलं फिरला, पण प्रत्येकाने त्यातला ड्रोन तेवढा बघितला."

"मग मागे काय घ्यायचं?" ते म्हणाले. मग कागद मांडीवर ठेवून म्हणाले, "तुला दर मंगळवारी दुकान बंद ठेवावं लागतं, नाही का?"

मी हमीपत्राखाली पुठ्ठा सरकवला.

"पेन दे."

कागद हिसकावून घ्यायला हवा होता. त्यांच्या डाव्या हाताला धरता येत नाही, म्हणून मी त्यांच्यासाठी पुठ्ठा घट्ट धरून ठेवला.

बुधवारी ड्रोन मिळाला. रविवारी मी तो थेट सात नंबरच्या गेटवर नेला आणि अगदी खाली घेतला. ओल आता नुसती ओल राहिली नव्हती, तिथून पाणी वाहत होतं. घरी येऊन मी फोनचा पडदा बाबांसमोर धरला आणि चित्र तिथेच थांबवलं.

"बाबा, पाणी गढूळ येतंय."

गढूळ पाणी म्हणजे आतली माती निघतेय, काठ कधीही फुटेल, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि बराच वेळ बघितलं.

"छान आलंय चित्रण," ते म्हणाले.