घटपर्णीचा सूर्य

मित्रांनो, माझ्याकडे एकटक पाहू नका, डोळे दिपतील. मी नागावच्या एका होमस्टेमधला जुना ट्यूबलाइट आहे. एलईडीचा, पांढरा, चार फुटी. माझ्या एका टोकाला माश्यांची घाण आहे आणि दुसऱ्या टोकाला कोंबड्यांची. मधला भाग स्वच्छ आहे. माझा स्वाभिमान त्या मधल्या भागावर टिकून आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मला आई नव्हती. एक यंत्र होते, पण ते सगळ्यांचेच होते. माझ्या खोक्यावर 'दिवसासारखा शुभ्र प्रकाश' असे छापले होते. ते वाचून मला वाटले की आपण शाळेत लागणार, मुले आपल्याखाली बसून पाढे म्हणणार. मला पोल्ट्रीत लावले.

ती पोल्ट्री सत्यवतीबाईंची होती. कोंबडीचे एक दुर्दैव असते. उजेड आहे तोवर तिला दिवसच वाटतो, आणि दिवस लांबला की ती अंडी जास्त देते. म्हणून सूर्य समुद्रात बुडाला की सत्यवतीबाई मला लावत. कोंबड्या एकमेकींकडे बघत. अजून संध्याकाळ कशी होत नाही, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसे. होत नसे, कारण मी होतो. अंडी वाढली. सत्यवतीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "माझा लाइट लय गुणाचा हाय." मित्रांनो, कौतुक कुणाला नको असते? जी कोंबडी अंडी द्यायची थांबे, ती रविवारी दिसेनाशी होई. तिची रिकामी जागा बाकीच्यांना माझ्या उजेडात अगदी नीट दिसे.

पुढे नागावात पर्यटक वाढले. पर्यटकाला अंड्यापेक्षा खोली हवी असते. एका सकाळी सगळ्या कोंबड्या टेम्पोत बसून गेल्या, आणि शेडमध्ये भिंती घालून 'समुद्रछाया होमस्टे' झाला. खोल्यांची मापे कोंबड्यांच्या सवयीची राहिली. पाहुणे म्हणत, "किती कोझी आहे!" मला शेवटच्या, बिनखिडकीच्या अडगळीच्या खोलीत उलटे उभे करून ठेवले. ट्यूबलाइटची दोन्ही टोके सारखीच असतात हे खरे आहे. तरी उलटे ठेवल्याचे आमचे आम्हाला कळते.

सत्यवतीबाईंचा एकुलता एक मुलगा सुजित. त्याचे लग्न पालीच्या प्राप्तीशी झाले. प्राप्तीने माहेराहून कपड्यांच्या बॅगा आणि एक झाड आणले. ते घटपर्णीचे झाड होते. ही दूरच्या पावसाळी जंगलातली जात. हिच्या पानाच्या टोकाला एक शेपटी लोंबते, शेपटी फुगून तिचा घट होतो, घटाला झाकण फुटते आणि आत आंबट पाणी साठते. किडा काठावर बसतो, घसरतो, आणि मग तो किडा राहत नाही, खत होतो. प्राप्तीने हे सगळे सासूबाईंना समजावून सांगितले.

"म्हणजे मांसाहारी झाड?" सत्यवतीबाई म्हणाल्या. "मग सोमवारी याला काय घालायचं?"

झाड आधी अंगणात टांगले. खाऱ्या वाऱ्याने पाने करपली, आणि पाहुण्यांच्या पोरांनी घट तोडून आत कोल्ड्रिंक ओतून प्यायले. तेव्हा प्राप्तीने झाड अडगळीच्या खोलीत हलवले. त्या घरात कोणी न विचारता आत येत नाही अशी तीच एक खोली होती. ती तिथे स्टूल टाकून बसू लागली. पण आत उजेडच नव्हता. पाने गडद, लांब आणि लुळी झाली. शेपट्या यायच्या, घट काही लागायचा नाही.

"ही खोली मला दिवाळीला पाहुण्यांना पायजे," सत्यवतीबाई एक दिवस दारात उभ्या राहून म्हणाल्या. "तवर एक तरी घट लागला तर ऱ्हाऊ दे, खोली पण तुझी. न्हाय लागला तर वाडीत, नारळाच्या बुंध्यात. खत तरी हुईल."

"लागेल, आई. त्याला फक्त उजेड पाहिजे."

"उजेड समद्यांनाच पायजे. तुमच्या लग्नाला दोन वर्सं झाली. आमच्या घरात कुठं पडलाय?"

प्राप्तीने गुणाजीला फोन केला.

गुणाजी मंडपाची लायटिंग करतो. तो लग्नातला मोठा हॅलोजन घेऊन आला. "सूनबाई, या लायटीत नवरदेवाचा घाम मागच्या खुर्चीवरून दिसतो," त्याने अभिमानाने सांगितले. दुपारपर्यंत वरच्या पानाचा पापड झाला. गुणाजीने पान मोडून पाहिले. ते कुरकुरीत वाजले.

"नवरदेव असता तर टिकला असता," तो म्हणाला, आणि हॅलोजन घेऊन पुढच्या लग्नाला गेला.

मग सुजितने मोबाइलवरून जांभळा दिवा मागवला. झाडांसाठीचा खास, असे त्यावर लिहिले होते. झाडाला तो बरा मानवला असता, पण माणसांना मानवला नाही. खोलीला वरच्या बाजूला एक झरोका आहे. त्यातून संध्याकाळी जांभळा उजेड रस्त्यावर पडू लागला, आणि मोटारी थांबू लागल्या. दोघे जण थेट पडवीत आले.

"मावशी, आत ऑर्केस्ट्रा चालू आहे ना?"

"आत झाड हाय," सत्यवतीबाई म्हणाल्या.

दोघांनी एकमेकांकडे पाहिले. "कळलं, कळलं," एक जण हळूच म्हणाला. "झाडाला भेटायचं किती?"

त्या संध्याकाळी सत्यवतीबाईंनी जांभळा दिवा दगडी पाट्यावर ठेवला आणि वरवंट्याने वाटला. मित्रांनो, तो तरुण होता. त्याचे रंग चांगले होते. मी कोपऱ्यातून सगळे पाहिले, आणि खरे सांगायचे तर मला थोडे बरे वाटले.

त्यानंतर प्राप्तीने बरेच वाचले. झाडाला जांभळाच उजेड लागतो असे नाही, साधा पांढराही चालतो. तो भरपूर हवा, जवळ हवा आणि गरम नको. तिची नजर कोपऱ्यात गेली. तिने मला सुलटे केले, ओल्या फडक्याने मध्यभागी पुसले आणि दोन दोऱ्यांनी टेबलावरच्या झाडावर टांगले. पानांच्या उंचीवर उलटा हात धरून तिने चटका बसतो का ते पाहिले. दोऱ्या सोडत सोडत मला दीड वितीवर आणले. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझ्याखाली हात धरून माझा अंदाज घेतला. पोल्ट्रीत फक्त अंडी मोजत.

सकाळी चहाआधी ती मला लावी, जेवणे झाली की बंद करी. सुजित एकदा म्हणाला, "चालू राहू दे ना, लवकर होईल."

"त्याला पण रात्र लागते," ती म्हणाली. "सगळ्यांना लागते."

हळूहळू नवी पाने आखूड आणि ताठ येऊ लागली. त्यांच्या कडांवर तांबूस झाक आली. उजेड पुरतो आहे याची ती खूण असते. एका शेपटीचे टोक वर वळले आणि फुगले. प्राप्ती स्टुलावर बसून त्याच्याकडे बघे. एकदा तिने हळूच म्हटले, "चल ना रे." दिवाळीच्या आधीच त्या घटाचे झाकण उघडले. तो लाल होता, काठावर रेघा होत्या. माझ्या उजेडात तो फार सुंदर दिसला, आणि त्याच संध्याकाळी एक पतंग आला. तो माझ्यासाठी आला होता. माझ्याकडे येणारे सगळे मला आवडतात. त्याने माझ्यावर दोनदा डोके आपटले, दमून काठावर बसला आणि आत गेला. बराच वेळ फडफडला. त्याला अंधार वाटू नये म्हणून मी जमेल तेवढा उजेड आत पाडला.

सत्यवतीबाई खूश झाल्या. त्यांनी शब्द पाळला, झाड राहिले. फक्त खोली प्राप्तीची राहिली नाही, कारण आता तिथे पाहुणे येऊ लागले. सत्यवतीबाई त्यांना रांगेने आत घेत आणि घट दाखवत.

"अय्या! हे तुम्ही वाढवलंत?" पुण्याच्या एका बाईंनी प्राप्तीला विचारले.

"व्हय, तिनंच," सत्यवतीबाई मध्येच म्हणाल्या. "हिच्या झाडाला लागलं, हिला न्हाय लागत."

बाई हसल्या. मग त्यांना वाटले हसायला नको होते, म्हणून त्यांनी घटाचा फोटो काढला. प्राप्ती सगळ्यांसाठी चहा ठेवायला गेली.

पाहुण्यांनी घटाला प्रेमाने भरवले. कोलंबीचे डोके घातले, चकली घातली, एका आजोबांनी रक्तदाबाची गोळी घातली. घट कुजला. सत्यवतीबाईंना हळहळ वाटली, पण त्या खचणाऱ्या नव्हत्या. त्यांच्यापाशी अनुभव होता.

"कोंबडीला लाइट वाढवला की अंडी वाढतात," त्या म्हणाल्या. "याला का म्हून रात्री निजवायचं? दिवसरात जाळा. एकाच्या जागी दहा लागतील."

"आई, ही कोंबडी नाही."

"मला नको शिकवू. मी हजार कोंबड्या वळणावर आणल्यात."

त्यांनी माझ्या बटणावर चिकटपट्टी लावली. प्राप्तीने ती काढली. त्यांनी पुन्हा लावली, दोन पदरी. मी रात्रंदिवस जळू लागलो. पाने पिवळी पडली, शेपट्या वाळल्या, लागलेले छोटे घट झाकणापासून तपकिरी होत गेले. मी वर टांगलेला होतो. माझ्याच उजेडाने झाड मरते आहे हे मला सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट दिसत होते. पण आम्हाला मान वळवता येत नाही.

शेवटी प्राप्तीने सुजितला खोलीत बोलावले. बुंध्याशी एकच हिरवा कोंब उरला होता, तो दाखवला.

"तू आईंशी बोल. आज बोल."

सुजितने झाडाकडे पाहिले, दाराकडे पाहिले. "तुझं पण बरोबर आहे. आईचं पण बरोबर आहे."

"मग चूक कुणाची?"

त्याने इकडेतिकडे पाहिले आणि मग वर, माझ्याकडे. "लाइटच खराब असेल," तो म्हणाला.

मित्रांनो, मला राग आला नाही. त्या घरात कोणीतरी माझा विचार केला, हेच खूप होते. प्राप्ती मात्र त्याच्याकडे बघत राहिली. कोंब पाहताना ती जशी बघे, तसेच बघितले, जिवंत आहे का ते तपासावे तसे. मग तिने झाड उचलून बादलीत ठेवले.

पडवीत सत्यवतीबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. "कुठं निघालीस?"

"पालीला."

"आन झाड कशाला नेतेस? लाइट तर हितंच हाय."

"तिथे खिडकी आहे," प्राप्ती म्हणाली.

एका हातात बादली, एका हातात बॅग घेऊन ती एसटीच्या थांब्याकडे गेली. तिचे दोन्ही हात अडकलेले होते, म्हणून मला कोणी बंद केले नाही. मी रिकाम्या टेबलावर उजेड पाडत राहिलो. टेबलावर कुंडीचा एक ओला गोल होता. तो मी वाळवला.

बरेच आठवडे गेले तरी ती आली नाही. सुजित एकदा बटण बंद करायला आला. त्याने चिकटपट्टीला नख लावले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ऱ्हाऊ दे चालू," सत्यवतीबाई म्हणाल्या. "झरोक्यातून रस्त्यावर दिसतो. बघणाऱ्याला वाटतं, आत सून हाय."

सुजितने पट्टी नीट दाबून बसवली आणि तो गेला.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. आम्हा दिव्यांची काळजी घ्या, आम्हाला फडक्याने पुसा, आणि खोलीतून जाताना आमचे बटण न विसरता बंद करा. तुमच्या गुरुजींनी तुम्हाला हे सांगितले असेल. त्यांनी विजेचे कारण सांगितले असेल. तेही खरे आहे.